चाळीस दिवसांचं गवत

आमचे मन्मथ दाजी गवत खातात.

म्हणजे पोटासाठी नाही. पोटासाठी घरात ज्वारीची भाकरी असते. गवत ते तपासणीसाठी खातात. वाटेनं चालता चालता बांधावरची एक काडी उपटायची, तिचं बुडखं दाढेखाली धरायचं, डोळे मिटून पाच-सहा वेळा चावायचं, चोथा तळहातावर थुंकायचा आणि निकाल द्यायचा, "चार दिस उशीर झाला." कुणाला झाला, कशाला झाला, हे विचारायची सोय नसते. ज्याचा बांध असेल त्यानं मान खाली घालायची.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला ते कंधारला आले तेव्हाही हेच झालं. पोहे झाले, मुलगा हात धुवायला परसात गेला तो येईना. आईनं खिडकीतून बघितलं तर मुलगा आमच्या न्हाणीमागच्या ओलीत उगवलेलं गवत चावत उभा. आई आत आली आणि वडिलांच्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, पोरगं चांगलं हाय, पण चरतंय."

वडिलांनी क्षणभर विचार केला. "पीत तर नाही ना? मग चरू दे."

लग्न झालं.

दाजींचं गाव शिरूर अनंतपाळपासून पुढं, आडरस्त्याला. शेतातच घर, घराला लागून मेंढरांचा वाडगा. शुद्ध शाकाहारी घरात मेंढरं कशाला, असं पाहुणेरावळे विचारत. दाजी सांगत, लेंडीखतासाठी आणि लोकरीसाठी. त्यांचा मुलगा शिवानंद लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. त्याचं म्हणणं असं, की खतासाठी मेंढरं, मेंढरांसाठी गवत आणि गवतासाठी पुन्हा खत, यात माणसाचं काम काय तेच त्याला कळलेलं नाही.

दाजींना मात्र ते नीट कळलेलं होतं. माणसाचं काम म्हणजे गवत वेळेवर कापणं.

घराशेजारच्या तुकड्यात त्यांनी गिनी गवताचे आठ पट्टे केले होते. एक पट्टा पाच दिवस पुरायचा. आठवा संपेपर्यंत पहिला पुन्हा चाळीस दिवसांचा होऊन कापायला तयार. भिंतीवरच्या कॅलेंडरावर कोणता पट्टा कोणत्या दिवशी सुरू, हे आकडे लिहिलेले असत, आणि त्या आकड्यापुढं सण, लग्न, मयत, सरकार कुणाचं काही चालायचं नाही. शिवानंदच्या साखरपुड्याला दाजी नवरीची ओटी भरेपर्यंत थांबले आणि जेवणाच्या आधी उठून चालू लागले. मुलीकडच्यांना वाटलं मानपान चुकला. त्यांच्यातले तीन वडीलधारे उपाशीपोटी समजूत काढायला लातूरच्या बसस्टँडपर्यंत मागं आले. तर हे रस्त्याच्या कडेचं गवत चावत उभे.

"अप्पा, आमचं काही चुकलं का? नाराज झालात का?"

"म्या नाराज न्हाई हो. सहावा पट्टा हाय आज. ते नाराज व्हईल."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चावून बघितलं का?" ते फक्त गवताला नव्हतं. मी कंधारला वह्या-पेनांचं दुकान टाकलं, मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं की जागा लई मोक्याची आहे. त्यांनी विचारलं, "चावून बघितली का?" शिवानंद म्हणाला, हा डॉक्टर फार नावाजलेला आहे. "चावून बघितला का?" आम्ही हसायचो. अक्का पदर तोंडाला लावून सगळ्यात जास्त हसायची आणि वर म्हणायची, "मलाबी बघितलंय बरं का, पोळ्याच्या दिशी. दंडाला वण हाय." ती थट्टाच असणार. आम्ही कधी खात्री केली नाही.

अक्काला जाऊन चार वर्षं झाली.

त्यानंतर दाजी एकटे आणि चौदा मेंढरं. शिवानंद बोलवायचा, ते लातूरला जात, दुसऱ्या दिवशी परत येत. त्यातच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. कॅलेंडरावरचे आकडे ते पाटीवर लिहावेत एवढे मोठे लिहू लागले. तरी ऑपरेशनला तयार होईनात. मेंढरांचा जिम्मा कुणाचा?

एकदा लातूरला शिवानंदच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मीही होतो. दुकानाचा माल आणायला गेलो होतो आणि सूनबाईनं केलेलं धपाटं खात होतो.

"अप्पा, सगळं तुमच्या एकट्यावर चाललंय," शिवानंद म्हणाला. "उद्या तुम्ही पडलात तर ही मेंढरं दुसऱ्या कुणाला सांभाळता येणार नाहीत. विकून टाका आणि इथं या."

"कामून येणार न्हाईत? त्यात काय हाय? पट्ट्याचा दिस पाळायचा, बस. कुणीबी करंल."

"करून दाखवा. दोन्ही डोळ्यांचं मिळून चाळीस दिवस इथं राहावं लागेल. तेवढे दिवस दुसरा माणूस तिथं राहील. मेंढरं आहेत तशी राहिली, तर मी पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. खंगली, तर विकायची आणि तुम्ही लातूरला यायचं. कबूल?"

"कबूल," दाजी म्हणाले.

आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले. आमच्या नात्यागोत्यात चाळीस दिवस गायब झाला तरी कुठलंच काम अडणार नाही असा पुरुष मी एकटाच. दुकान माझं आहे, पण चालवते माझी बायको, सुमन. मी त्यात बसतो. तिला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, "जा की." मला जरा वाईट वाटलं, इतक्या लवकर म्हणाली.

निघण्याच्या आदल्या दिवशी दाजींनी मला सगळं समजावलं. गवतातून चालवत नेलं. मी अंगठेबहाद्दर असल्यासारखं एकेक गोष्ट दोनदा सांगितली.

"मामा, गवत ल्हान हाय तवर निस्तं पाणी. मेंढरू पातळ हगतंय. लई मोठं झालं की काडी. पोट भरतंय, पर अंगी लागत न्हाई. मदी थोडे दिस असत्यात, तेवढेच आपले. तुरा निघायच्या आदी खोड फुगतंय बगा, त्याला पोटरी मनायचं. पोटरीत यायच्या आदी विळा."

"हाव."

"तुमी दुकानदार मानसं. तुमाला ढीग दिसतोय. मेंढराला पान दिसतंय."

"हाव, दाजी."

मग माझा हात धरून त्यांनी एका मेंढीच्या पाठीवर ठेवला. ती चंपी. तिला जुळी कोकरं होती. "डोळ्यानं बगू नका. लोकर फसवती. कण्यावर हात फिरवायचा. मऊ लागला की समदं ठीक. आन् रोज एक काडी चावायची."

मी मान डोलावली. मनात मात्र ठरवून टाकलं होतं की गवत चावायचं नाही. कंधारच्या चार चांगल्या माणसांत माझी ऊठबस. कुणी बघितलं असतं म्हणजे? आता कळतं, की लाज बाळगायची ती मी नेमकी चुकीच्या ठिकाणी बाळगली.

दाजी लातूरला गेले आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या पट्ट्याची पाळी आली.

मी विळा घेऊन उभा राहिलो. गवत कमरेएवढं, काळंशार हिरवं, वाऱ्यावर डुलत असलेलं. आणि माझ्यातला दुकानदार जागा झाला. हे अजून वाढतंय की! वाढती वस्तू मधेच कशाला तोडायची? आणखी दहा-बारा दिवस थांबलो तर दुप्पट होईल. दाजींना बिचाऱ्यांना डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ते घाईनं कापतात. आपण त्यांना दाखवून देऊ. ते परत येतील तेव्हा गवताच्या गंज्या लागलेल्या असतील आणि ते म्हणतील, मामा, तुम्ही कमाल केली.

मी कॅलेंडरावरचे आकडे पेनानं खोडले आणि प्रत्येक पट्टा बारा दिवस पुढं ढकलला. अक्षर माझं चांगलं आहे. लाल शाईनं नीट लिहिलं. तोवर मेंढरांना गंजीतला ज्वारीचा कडबा टाकला.

बारा दिवसांनी गवत माझ्या डोक्याच्या वर गेलं. वर जांभळट तुरे आले. रस्त्यानं जाणारा शेजारचा शेतकरी सायकल थांबवून म्हणाला, "लई जोरात आणलंय हो पाव्हणं!" त्या एका वाक्यावर मी आठ दिवस जगलो. तो मेंढरं पाळत नाही, हे मला नंतर कळलं.

कापणी सुरू झाली. विळा खोडावर खट्खट् वाजायचा. एका दिवसाच्या गवताचा एवढा ढीग पडायचा की मी त्याच्यामागं दिसायचो नाही. गव्हाण भरून टाकायचो आणि संध्याकाळी बघायचो तर अर्धी शिल्लक. मला फार आनंद झाला. आमच्याकडच्या पंगतीत पानात उरलं म्हणजे पाहुणा तृप्त झाला असं समजतात, तोच हिशेब मी मेंढरांना लावला.

दाजींचा रोज सकाळी फोन यायचा.

"काय मनतंय गवत?"

"दाजी, उरून राहिलंय!"

त्यांनी आधी टीव्ही बंद करायला लावला. मग, "काय उरतंय? पान का काडी?"

मी गव्हाणीकडे बघितलं. सगळ्या काड्या होत्या. एक पान दिसेल तर शपथ.

"दोन्ही," मी म्हणालो.

"चावून बघितलं का?"

"हाव तर. लोणी हाय, दाजी."

इतकं सहज खोटं मी दुकानातही बोलत नाही. तिथं सुमन ऐकत असते.

कोकरांची कटकट त्याच सुमारास वाढली. चंपीची जुळी सारखी तिच्या कासेला ढुशा द्यायची आणि ती त्यांना लाथ मारून दूर व्हायची. मी कोकरांनाच रागवायचो, "अरे, दम धरा की जरा. आईला जेवू द्या." ती बारीक आवाजात ओरडत राहायची. मी ठरवलं, हवेत उकाडा आहे म्हणून.

मग एका सकाळी मी वाडगा झाडत होतो. चंपीचं एक कोकरू आलं आणि त्यानं माझ्या हाताचं बोट तोंडात धरलं. चोखू लागलं. बोटातून काही येईना तरी सोडीना. डोकं वर करून ढुशी देऊन बघितली, पुन्हा चोखू लागलं.

मी झाडू ठेवला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं, अजूनही बघून घेतलं म्हणजे बघा, आणि गव्हाणीतली एक काडी उचलून दाढेखाली धरली. चावली. पुन्हा चावली. खाटेची सुतळी चावल्यासारखं वाटलं. रस नाही, वास नाही. दाढेत धागा अडकला तो नखानं ओढून काढावा लागला. चंपीच्या पाठीवर हात ठेवला. वरून लोकर, खाली हात बुडाला तो सरळ हाडावर. माळेचे मणी मोजावेत तसा कणा मोजता येत होता. एकीमागून एक चौदाही मेंढरांवर हात फिरवला. चौदा माळा.

एवढा चारा घालून मी त्यांना उपाशी ठेवलं होतं. आधी कडब्यावर, मग खोडावर. पोटं फुगलेली आणि अंगावर काही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "काय मनतंय गवत?"

सांगायची वेळ ती होती. एक वाक्य पुरलं असतं.

"झकास," मी म्हणालो.

आठ दिवस उरले होते. शेवटचे दोन पट्टे अजून कोवळे होते, ते धडाधड कापून घातले. पेंड आणून चारली. पण मेंढराचं अंग उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त भरून यायला लागतो. तिसऱ्या दिवशीच कळलं की हे काही जमत नाही. तेव्हा मी जे केलं ते लिहिताना आत्ताही माझे कान तापले आहेत.

मी शिरूरला गेलो आणि शांपूच्या चौदा पुड्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "घरी लग्न हाय का?" मी म्हणालो, "हाव." मेंढरांना एकेक करून धुतलं, उन्हात वाळवलं आणि अक्काच्या जुन्या फणीनं त्यांची लोकर उलटी विंचरली. पिंजलेल्या कापसासारखी फुगली. लोकर फसवते, हे दाजींनी मला सावध राहण्यासाठी सांगितलं होतं. मी ते कामाला लावलं.

ठरल्या दिवशी मोटार आली. शिवानंद, सूनबाई आणि मागच्या सीटवर काळा चष्मा लावलेले दाजी.

"वा मामा!" शिवानंद लांबूनच ओरडला. "गुबगुबीत झाल्यात की! मी हरलो, बाबा. अप्पा, तुमची मेंढरं तुम्हाला लखलाभ."

मला एवढं हलकं वाटलं. सुटलो, असं वाटलं. दाजीही सुटले, मेंढरंही सुटली, कुणाचं काही बिघडलं नाही.

दाजी सरळ वाडग्यात गेले. चंपीच्या पाठीवर हात ठेवला, मानेपासून शेपटीपर्यंत हळूहळू नेला. मग दुसरी. मग तिसरी. वाडग्यामागं मी उरलेल्या काड्यांचा ढीग लपवला होता. तो त्यांना कसा सापडला कोण जाणे. त्यातली एक काडी त्यांनी उचलली आणि दाढेखाली धरली. मी त्यांचा जबडा बघत होतो. चोथा तळहातावर थुंकला, पण बघितला नाही. मूठ मिटून घेतली आणि तोंड माझ्या दिशेनं वळवलं. चष्मा काळा होता, हे डोळ्याच्या डॉक्टरचे माझ्यावरचे उपकार.

"शिवा, मेंढरं खंगल्यात."

"काय सांगता? चांगली तर दिसतात."

"हात लाव."

शिवानंदनं हात लावला. त्याचा चेहरा बदलला. तो माझ्याकडे वळला. "मामा, तारखा पाळल्या होत्या ना?"

माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यातून काय बाहेर पडणार होतं ते मात्र सांगता येत नाही, कारण दाजी मधेच बोलले.

"त्यांनी पाळल्या. म्याच चुकीच्या लिवल्या. डोळं कुटं दिसत हुतं मला."

असं म्हणून ते घरात गेले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्याची सुरळी केली आणि काखेत मारली. लाल शाई, माझं सुंदर अक्षर, सगळं काखेत.

"बोल्लो हुतो तसं कर," ते शिवानंदला म्हणाले. "तुजं बराबर हाय. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई हे."

शिवानंद उगीच लेंड्या बुटानं सारत उभा राहिला. जिंकल्याचा त्याला काही आनंद झालेला दिसला नाही. सूनबाई चहा घेऊन आली. "मामा, तुमचे लई हाल झाले असतील. घ्या." मी कप घेतला. त्या वेळी कप खाली ठेवून बोलता आलं असतं. मी तो चहा पूर्ण प्यालो, बशीतलासुद्धा.

मेंढरं पलीकडच्या गावच्या एका धनगराच्या घरी गेली. दाजींची अट एकच होती, चौदाही एकत्र राहिली पाहिजेत. न्यायला आले त्या दिवशी मी नव्हतो. मी कंधारला दुकानात बसलो होतो आणि गिऱ्हाईकाला शंभरपानीच्या जागी दोनशेपानी वही देत होतो.

शेवटी सुमनला सांगितलं. मला वाटलं ती समजूत घालेल. तिनं वह्यांचा गठ्ठा आपटला. "मला सांगून काय उपयोग? मेंढरं माझी होती का? चाळीस दिवस त्या माणसाचं मीठ खाल्लंत आणि मान वर करून घरी आलात. जा, लातूरला जाऊन सांगा."

तरी दोन महिने लागले. कधी पाऊस, कधी शाळांचा सीझन, कधी कंबर.

गेलो तेव्हा घरात दाजी एकटेच होते. शिवानंद क्लासला, सूनबाई तिच्या कामावर. तिसरा मजला. दाजींनी दार उघडलं, "या या मामा," म्हणाले आणि स्वतः चहा टाकला. गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. समोर इमारती, खाली गाड्या, एक सुकलेली तुळस.

"डोळे कसे आहेत, दाजी?"

"झकास. त्या पल्याडच्या टाकीवरचं पाखरू दिसतंय." मग म्हणाले, "समदं दिसतंय आता. बगायला काय न्हाई."

मी कप खाली ठेवला. या वेळी चहा अर्धा होता. आणि सांगून टाकलं. बारा दिवस, लाल शाई, 'लोणी', शांपू, फणी, सगळं. बोलताना टाकीवरच्या पाखराकडे बघत होतो. ते मला दिसत नव्हतं.

"ठावं हाय," दाजी म्हणाले.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असता तर मेंढरं राहिली असती. चूक माझी होती. शिवा न्यायानं वागणारा पोरगा आहे, त्यानं ऐकलं असतं."

दाजींनी गॅलरीच्या गजाला धरलं.

"मामा, ती गेल्यापासनं तिच्या माहेरचं कुणी माज्या उंबऱ्यात आलं न्हवतं. तुमी आलात. चाळीस दिस ऱ्हायलात. तिच्या चुलीवर तुमी चहा केलात, तिची फणी हुडकून काढलीत." ते हसले. "मेंढराला का व्हईना. आता तितं समद्यांदेकत तुमाला बोल्लो असतो, सुनंसमोर, भाच्यासमोर, तर तुमी पुन्यांदा आला असता का?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मेंढरं काय, कवाबी घेता येत्यात. सासुरवाडी कुटून आणू?"

मला आठवलं, या चार वर्षांत आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. मी निमंत्रण शिवानंदच्या मोबाईलवर टाकलं होतं. सहकुटुंब यावे. दाजी त्या सहकुटुंबात आले असं धरलं होतं. घरच्या जावयाला दारात जाऊन, अक्षता हातावर ठेवून बोलवायचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बहीण गेली म्हणजे जावईही गेला, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला होता. दाजी त्या दिवशी आले नव्हते, आणि ते आले नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मेंढरांचं जे केलं त्याची लाज मी दोन महिने वागवत होतो. याची तर मला अजून यायचीच होती.

"शिवाला सांगू नका," दाजी म्हणाले. "त्याला मामा येकच हाय."

शिवाला मी अजून तोंडानं सांगितलेलं नाही. तो वाचतो, म्हणून इथं लिहिलंय. माझी हिंमत साधारण एवढीच.

अक्का होती तेव्हा दर पंचमीला मी तिला न्यायला जायचो. लेकीला माहेरी न्यायला जो जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला की पोरींची पिशवी भरलेलीच असायची. मी उठलो, हात जोडले.

"दाजी, पिशवी भरा. मुराळी आलाय."

"कुणाला न्यायला?"

"तुम्हाला. कंधारला."

"मला?" ते मोठ्यानं हसले. "म्या काय लेक हाय का माहेराला जायला?" आणि हसता हसता आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, थट्टेवारी नेली, आता दुसरा चहा येईल. बाहेर आले ते धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात फुगलेली पिशवी. शिवानंदसाठी चिठ्ठी लिहून टीव्हीखाली ठेवली होती. माझ्या मनात पुढच्या महिन्यातलं एखादं रविवारचं जेवण होतं, हे आता सांगण्यात अर्थ नव्हता.

एसटीत त्यांना खिडकी दिली. चाकूर येईपर्यंत त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. मग हळूच म्हणाले, "मामा, तितं शेजारपाजारचं कुणी इच्यारलं तर काय सांगायचं? म्या कोण मनून आलोय?"

"जावई म्हणून."

त्यांनी टोपी नीट केली.

सुमनला फोन लावला, दाजी येत आहेत म्हणून सांगितलं. दुकानात गर्दी असावी, ती घाईत होती. "बरं केलंत. किती दिवस हायत?"

दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. कान मात्र इकडं होता.

"विचारलं नाही," मी मोठ्यानं म्हणालो.